बर्फासाठी टायर-चेन : साखळी की केबल, पुढे की मागे? (रॅव-४ आणि टकोमा, टाहो)

कोकणकडा
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सॅन होजेहून साउथ लेक टाहोला (कॅलिफोर्नियाच्या डोंगरातलं गाव) दोन गाड्या निघणार आहेत. एक टोयोटा रॅव-४ एसयूव्ही, ऑल व्हील ड्राइव्ह, टायर २२५/६५ आर १७, बाजूवर एम+एस (मड + स्नो, चिखल-बर्फ) आहे. दुसरी टोयोटाचीच टकोमा पिकअप, फोर बाय फोर, २६५/७० आर १६, मागे सामानाचा छोटा ट्रेलर. प्रश्न असे :
१. दोन्ही गाड्यांची चारही चाकं ओढतात. मग चेन घ्यायलाच हवी का?
२. घ्यायची तर साखळी की केबल?
३. कुठल्या चाकांना? दोन पुरतात की चार?
४. बसवताना लोक नेमकं कुठे अडकतात?
जाणकारांनी लिहावं. 'फ्लाइटने जा' हा सल्ला आधीच मिळालेला आहे.

खडूस_काका
फ्लाइटने जा.

डोंगरदिवा
पहिल्या प्रश्नापुरतं. कॅलिफोर्नियात कॅलट्रान्स (राज्याचं रस्ते-वाहतूक खातं) तीन पातळ्या लावतं.
आर-१ : चेन किंवा स्नो टायर हवेत, ऑल व्हील आणि फोर बाय फोरला सूट.
आर-२ : सगळ्यांना चेन, सूट फक्त चारही चाकांना स्नो टायर असलेल्या ऑल व्हील / फोर बाय फोरला.
आर-३ : सरसकट सगळ्यांना चेन, अपवाद नाही. ही पातळी क्वचितच लागते, कारण तोवर बहुधा रस्ताच बंद केलेला असतो.
गंमत पुढे आहे. आर-१ आणि आर-२ मध्ये चेन न बसवण्याची सूट मिळते, न बाळगण्याची नाही. म्हणजे रॅव-४ च्या डिकीत तिच्या मापाची चेन असलीच पाहिजे. तपासणीला उभा असलेला माणूस 'दाखवा' म्हणू शकतो.
एम+एस टायर तिथे स्नो टायर म्हणून चालतो, पण खाच किमान ६/३२ इंच खोल हवी. टायर दोन-तीन वर्षं वापरलेला असेल तर निघण्यापूर्वी खोली मोजा. डोंगराच्या चित्रात हिमकण असलेलं चिन्ह टायरवर असेल तर उत्तमच; ते बर्फातली चाचणी दिल्याशिवाय मिळत नाही. एम+एस हा कंपनीने स्वतःच लावून घेतलेला टिळा आहे.

स्पॅनरवाले_नाना
डोंगरदिवा, ट्रेलर राहिला. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या एका ड्राइव्ह एक्सलला (इंजिन फिरवतं त्या चाकांच्या जोडीला) चेन लागते, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर ट्रेलरच्याही एका एक्सलला. तेव्हा 'माझी फोर बाय फोर आहे' हे टकोमावाल्याने तिथे सांगत बसू नये. ट्रेलरच्या टायरचं माप वेगळं असतं, त्याची चेनही वेगळी. शक्य असेल तर ट्रेलर घरी ठेवा आणि सामान छतावर बांधा.

मिरची_भजी
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टाहोच्या हायवे ५० वर ट्रेलर? मागच्या गाड्यांचे आशीर्वाद मिळतील. :)

कोकणकडा
ट्रेलर रद्द. पुढे?

स्पॅनरवाले_नाना
आता माप. लोक दुकानात जाऊन 'एसयूव्हीची चेन द्या' म्हणतात. अशी कुठलीही चेन नसते. तीन आकडे लागतात, २२५, ६५ आणि १७, आणि ते टायरच्या बाजूवर वाचायचे. दारावरच्या स्टिकरवर मूळ माप असतं. टायर बदलले असतील तर ते उपयोगाचं नाही. चेनच्या खोक्यावर मापांची यादी असते, त्यात आपलं माप अक्षरशः छापलेलं हवं. २२५/६० आर १७ ची चेन २२५/६५ ला 'बसते' असं वाटतं, पण शेवटचा हूक ओढून लावावा लागतो आणि ताण एका बाजूला येतो.

माप जुळलं की जागा बघायची. टायर आणि सस्पेन्शन यांच्यात चेनला किती जागा आहे यावर एसएईचे (वाहन अभियंत्यांची संस्था) तीन वर्ग आहेत.
एस वर्ग : टायरच्या माथ्यावर किमान ३७ मिमी, आतल्या बाजूला १५ मिमी.
यू वर्ग : ५० मिमी आणि २३ मिमी.
डब्ल्यू वर्ग : साधारण ६३ मिमी आणि ३८ मिमी. हा मोठ्या पिकअप आणि ट्रकचा.
आजच्या बहुतेक क्रॉसओव्हर एसयूव्ही एस वर्गात मोडतात. गाडी बाहेरून कितीही उंच दिसो, पुढच्या चाकाच्या आत हात घातला की कळतं : स्ट्रटची स्प्रिंग जिथे टेकते ती थाळी टायरपासून बोटभर अंतरावर असते. तिथे जाड साखळी घातली तर ती प्रत्येक फेरीला थाळीवर, ब्रेकच्या पाइपवर नाहीतर एबीएसच्या वायरवर आपटते. एबीएसची वायर तुटली तर दिवा लागतो तरी. ब्रेकची नळी घासली जात असेल तर काहीच कळत नाही.

मॅन्युअलमध्ये 'टायर चेन्स' नावाचं पान असतं. कुठलं चाक, कुठला वर्ग, कुठल्या टायरला अजिबात चालत नाही, सगळं तिथे असतं. एकाच मॉडेलला १७ इंची चाकावर चेन चालते आणि १९ किंवा २० इंचीवर मनाई, असंही होतं. हे पान वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

शून्य_अंश
आफ्टरमार्केट स्पेसर (चाक बाहेर आणणारी चकती) किंवा रुंद टायर लावलेल्यांनी मॅन्युअलमधलं ते पान विसरावं. त्यांना फूटपट्टी घेऊन स्वतः मोजावं लागेल, तेही स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून. सरळ चाकाला मोकळी वाटणारी जागा वळवल्यावर जाते.

केतकी_डेन्व्हर
साखळी की केबल. केबल म्हणजे स्टीलची दोरी आणि तिच्यावर स्टीलच्या गुंडाळ्या. हलकी, पातळ, एस वर्गात आरामात बसते. ताज्या, दाबल्या गेलेल्या बर्फावर ठीक. कडक काचेसारख्या बर्फावर मात्र गुंडाळ्या घसरतात, कारण रुतायला कड नाही. कोरड्या डांबरावर थोडं चाललं की गुंडाळ्या सपाट होतात, आणि एक तार तुटली की ती केबल कचऱ्यात. रस्त्यावर दुरुस्ती नाही.

साखळीत दोन प्रकार. शिडीसारखी : दोन कडेच्या साखळ्या, मध्ये आडव्या पट्ट्या. ओढायला आणि थांबायला चांगली. पण दोन पट्ट्यांमध्ये नुसतं रबर जमिनीला लागतं, त्यामुळे गाडी धडधडते आणि बाजूला सरकताना धरत नाही. दुसरी हिऱ्याच्या नक्षीची : टायरवर तिरप्या साखळ्यांची जाळी, सतत काहीतरी जमिनीला टेकलेलं. वळणावर हिचा फरक लगेच कळतो. ९ मिमी जाडीच्या येतात त्या कमी जागेच्या गाड्यांना, १२ मिमी सर्वसाधारण, १६ मिमी मोठ्या एसयूव्ही आणि व्हॅनना. पिकअपसाठी व्ही-बार मिळतात, आडव्या कड्यांवर व्हीच्या आकाराचे तुकडे वेल्ड केलेले. बर्फाच्या थराला तेच चावतात.

रॅव-४ ला ९ मिमीची हिरा-नक्षी किंवा एस वर्गाची शिडी-साखळी. टकोमाला जागा भरपूर वाटते, तरी वर्ग मॅन्युअलमधूनच.

खडूस_काका
वर्षातून एकदा टाहोला जाणाऱ्याने दीडशे डॉलरची हिऱ्याची साखळी घ्यावी? केबल पन्नास-साठमध्ये येते. नियमात बसते. डिकीत पडून राहते. विषय संपला.

केतकी_डेन्व्हर
काका, नियम भागवायला केबल पुरेशी, हे मान्य. हायवे ५० वरच्या एको समिट खिंडीचा उतार नियमाची पावती मागत नाही. तिथे ७,३८२ फुटांवरून सरळ खाली यायचं असतं.

खडूस_काका
तेवढा बर्फ असेल तर हॉटेलात बसून पत्ते खेळावेत. पत्त्यांना एस वर्ग लागत नाही.

डोंगरदिवा
दोघांचंही बरोबर आहे. चारही टायर चांगले स्नो टायर असतील आणि चेन फक्त 'बाळगण्या'साठी असेल, तर केबल. ऑल-सीझन टायर असतील तर चेन प्रत्यक्ष बसवावी लागण्याची शक्यता जास्त, मग साखळी.

घाटरस्ता
कापडी मोज्यांबद्दल कुणी बोललं नाही. ऑटोसॉक वगैरे. जिथे जागा अजिबात नाही तिथे चालतात, बसवायला सोपे. कोरड्या रस्त्यावर झपाट्याने विरतात आणि कुठे कायदेशीर आहेत ते राज्यागणिक बदलतं. कोलोरॅडोत चालतात.

मिरची_भजी
टायरला मोजे, हाताला मोजे, डोक्याला कानटोपी. पुणेरी हिवाळा पूर्ण.

सोलंगकर
इकडे हिमाचलची बाजू मांडतो, कारण पुण्या-मुंबईहून थार आणि स्कॉर्पिओ-एन घेऊन येणारे बरेच वाचत असतील. मनालीहून सोलंग, अटल बोगदा (९.०२ किमी), सिस्सू या रस्त्यावर बर्फ पडला की पोलिस गाड्या खालीच थांबवतात आणि फोर बाय फोर किंवा चेनवाल्यांनाच वर सोडतात. काश्मीरमध्ये तंगमर्गहून गुलमर्गला चढतानाही तेच. तंगमर्गला चेन लावलेल्या स्थानिक गाड्या मिळतात. स्वतःची गाडी तिथे ठेवून त्यांच्यातून वर जाणं हा लाजिरवाणा पर्याय अजिबात नाही.

भाड्याने मिळणाऱ्या चेन बहुतेक शिडीच्या आणि दोन-तीन मापांत 'सगळ्यांना बसणाऱ्या'. थारच्या २५५/६५ आर १८ ला आखूड पडतात, क्रेटाच्या २१५/६० आर १७ ला लोंबतात. लोंबणारी चेन जास्त धोक्याची : वेग वाढला की बाहेर फेकली जाते आणि व्हील आर्च (चाकावरची कमान) फोडते. भाड्याने घेताना पैसे देण्याआधी बसवून बघा, कड्या झिजलेल्या नाहीत ना पाहा. आणि ऑनलाइन मिळणारे प्लॅस्टिकचे पट्टे, जे केबल टायसारखे रिममधून ओवायचे, ते चिखलातून एकदा गाडी काढायला ठीक. घाटात नाही. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि पट्टा ब्रेक कॅलिपरला अडकू शकतो.

वाचक_वसुधा
सोलंगकर, हवा कमी करून चेन चढवतात ते योग्य का?

सोलंगकर
नाही. हवा कमी केली की चेन सोपी चढते, पण पुन्हा भरली की ताण कुठे येईल सांगता येत नाही, आणि न भरता चालवली तर टायर रिमवर सरकतो. हवा कंपनीने सांगितली तेवढीच. थंडीत ती आपोआप उतरते, दर साडेपाच अंश सेल्सिअसला साधारण १ पीएसआय. तेव्हा वर पोचल्यावर पुन्हा मोजा.

स्पॅनरवाले_नाना
तिसरा प्रश्न, कुठली चाकं. फ्रंट व्हील ड्राइव्ह : पुढे. रिअर व्हील : मागे. ऑल व्हील आणि फोर बाय फोर : कंपनी सांगेल तिथे. रॅव-४ ला पुढे. सुबारूला पुढेच. टकोमाला मागे. मुळात रिअर व्हीलच्या सांगाड्यावर बेतलेल्या पिकअपना बहुधा मागे. टेस्ला मॉडेल वाय : फक्त मागे.

कोकणकडा
मग रॅव-४ ला नुसती पुढे लावली आणि उतारावर ब्रेक मारला तर?

केतकी_डेन्व्हर
हाच खरा प्रश्न. पुढे चेन म्हणजे पुढची चाकं धरतात, मागची तशीच घसरट. उतारावर ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागचं आणखी हलकं होतं, आणि शेपूट बाहेर फिरते. उलट, चेन फक्त मागे असेल तर गाडी थांबते पण वळत नाही. स्टिअरिंग फिरवलं तरी सरळच जाते. म्हणून उतारावर ब्रेकपेक्षा गिअरवर उतरायचं. ऑटोमॅटिकला एल किंवा मॅन्युअल मोड, टकोमाला बर्फ जाड असेल तर ४-लो. फोर बाय फोर गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही.

मॅन्युअल चारही चाकांना परवानगी देत असेल तर चार लावणं सर्वांत चांगलं. अनेक गाड्यांना मागे जागाच नसते, म्हणून कंपनी पुढेच सांगते. तिथे हट्ट करू नये.

शून्य_अंश
+१. एकाच एक्सलला चेन लावली की त्या चाकाचा घेर किंचित वाढतो. बर्फावर तेवढा फरक घसरण्यात जिरतो. कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लॉक करून चेनसकट चालवलं तर तो ताण ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. रस्ता मोकळा झाला की चेन काढायची, हेही त्याचं एक कारण.

ट्रकवाला_अण्णा
मोठ्या ट्रकचं थोडक्यात लिहितो. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर मॉरिसनच्या (मैल २५९) पश्चिमेला १ सप्टेंबर ते ३१ मे कमर्शिअल गाड्यांनी चेन बाळगायलाच लागतात, आकाश निरभ्र असलं तरी.
जोडचाकांना (एका बाजूला शेजारी-शेजारी दोन टायर) दोन प्रकारे चेन लागते : बाहेरच्या टायरला एकेरी, किंवा दोन्ही टायर झाकणारी तीन कडांची. तीन कडांची पकड उत्तम, पण ती एकट्याने उचलून दोन टायरवर टाकणं पाठीचं काम आहे. शिवाय मधली कड दोन टायरच्या बरोबर मध्ये बसली पाहिजे, नाहीतर घासून घासून टायरची बाजू कापते.
ताण देण्यासाठी बाहेरच्या कडेवर कॅम (फिरवून आवळायच्या कळा) असतात, ते टी-आकाराच्या पान्याने फिरवायचे. समोरासमोरचे कॅम आळीपाळीने. एकाच बाजूचे आधी कसले तर चेन एकीकडे ओढली जाते. ट्रेलरच्या एक्सलला लावतात ती ड्रॅग चेन. ती ओढायला नाही, उतारावर ट्रेलर पुढे येऊन जॅकनाइफ होऊ नये (चाकूसारखा दुमडू नये) म्हणून.

खडूस_काका
अण्णा, मी फक्त सायकलला चेन लावू शकतो हे मान्य करतो.

ट्रकवाला_अण्णा
तीही उतरते काका.

जर्मनीकर_जोशी
युरोपातून भर. जर्मनीत गोल निळ्या पाटीवर चेन लावलेला टायर दिसला की तिथून पुढे चेन सक्तीची, फोर बाय फोरलाही, किमान दोन ड्राइव्ह चाकांना. चेन लावून कमाल वेग ५० किमी. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नुसता एम+एस टायर हिवाळी टायर धरत नाहीत, डोंगर-हिमकणाचं चिन्हच लागतं. ऑस्ट्रियात साडेतीन टनांवरच्या ट्रकला १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल चेन बरोबर ठेवावी लागते. खरेदी करताना खोक्यावर ईएन १६६६२-१ किंवा ओनॉर्म व्ही ५११७ (चेनची युरोपीय आणि ऑस्ट्रियन मानकं) शोधा.

स्पॅनरवाले_नाना
चौथा प्रश्न. आधी घरी, कोरड्या ड्राइव्हवेवर, उजेडात एकदा बसवून काढा. माप चुकलं असेल तर ते इथे कळेल आणि दुकान परत घेईल.

शिडीची साखळी :
जमिनीवर पसरून सगळे पीळ काढा. कड्यांच्या टोकांचे आकडे (हूक) बघा. आकड्याचं उघडं तोंड टायरपासून बाहेर हवं, आत नाही, नाहीतर टायरची बाजू ओरबाडली जाते. व्ही-बारही बाहेरच्या बाजूला.
गाडी सपाट जागी, गिअर 'पी'मध्ये, हँडब्रेक ओढून, धोक्याचे दिवे लावून. पुढची चाकं असतील तर स्टिअरिंग वळवलं की आत हात जायला जागा होते.
साखळी टायरवर टाकून आडव्या पट्ट्या सारख्या अंतरावर करा, खालचा भाग टायरच्या पुढे सपाट ठेवा. गाडी साधारण अर्धा मीटर पुढे घ्या, म्हणजे सुटी टोकं हाताशी येतात.
आधी आतला आकडा, जितक्या आतल्या कडीत जाईल तितका. मग बाहेरचा. दोन्हीकडे सारख्याच कड्या सुट्या राहिल्या पाहिजेत. उरलेलं शेपूट तारेने किंवा केबल टायने कडेला बांधा.
मग रबरी ताणपट्टा, त्याचे आकडे बाहेरच्या कडेला सारख्या अंतरावर. आपोआप आवळणारी चेन असेल तर हा पट्टा लावायचा नाही, तिची रॅचेट (एकाच दिशेने आवळणारी कळ) काम करू शकत नाही.

हिरा-नक्षीची असेल तर गाडी हलवावी लागत नाही : मागचा लवचिक कडा टायरमागे सरकवून वर जोडायचा, पुढची टोकं अडकवायची, खालची ताणसाखळी रॅचेटमधून ओढून टोक वर अडकवायचं.

दोन्ही प्रकारांत शंभर-दोनशे मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा. ही पायरी लोक थंडीपोटी टाळतात आणि बहुतेक चेन त्यामुळेच सुटतात. वेग ताशी २५-३० मैल, पाटीवर कमी असेल तर तेवढाच. चाक गरगर फिरवू नका. जागेवर फिरणारी चेन एका डांबराच्या ठिगळावर तुटते.

वाचक_वसुधा
बरोबर काय काय ठेवायचं?

घाटरस्ता
रबर चढवलेले जलरोधक हातमोजे (लोकरीचे भिजून निरुपयोगी होतात), डोक्यावरचा दिवा, गुडघ्याखाली जुनी फ्लोअरमॅट, पक्कड, दोन-चार जादा जोडकड्या, जाड केबल टाय, रबरी पट्टे. डोक्यावरचाच दिवा, कारण हातातली टॉर्च दुसऱ्याला धरायला दिली की 'नीट धर' वरून संसारात चेन लागते.

मिरची_भजी
घाटरस्ता, तुम्ही आमच्या घरी आला होतात का?

शून्य_अंश
टप टप असा तालात आवाज आला तर लगेच थांबा. आडवी कडी तुटून आर्चवर आपटतेय किंवा शेपूट सुटलंय. जोडकडी असेल तर जोडा, नसेल तर तुटकी पट्टी तारेने कडेला घट्ट बांधून हळू जा. लागून दोन पट्ट्या गेल्या असतील तर काढून टाका. आणि बर्फात जागेवरून हलताना ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनचा जोर कापत असेल तर तो तात्पुरता बंद करा, गाडी चालू लागली की पुन्हा चालू.

डोंगरदिवा
हायवेवर पिवळ्या जॅकेटमधले, नंबर लावलेले परवानाधारक चेन बसवणारे असतात. बसवण्याचे पैसे घेतात. त्यांना चेन विकायची किंवा भाड्याने द्यायची परवानगी नसते, चेन तुमचीच लागते. बिल्ला क्रमांक पावतीवर लिहून घ्या. भाड्याच्या गाडीतून जाणाऱ्यांनी करार वाचा. बऱ्याच कंपन्या चेन लावायला मनाई करतात आणि आर्च फुटला तर खर्च तुमच्यावर.

कोकणकडा
सर्वांचे आभार. मॅन्युअल काढलं. रॅव-४ ला पुढे, टकोमाला मागे. रॅव-४ साठी ९ मिमीची हिरा-नक्षी, टकोमाला शिडी, दोन्ही शनिवारी ड्राइव्हवेवर बसवून पाहणार. परत आल्यावर ठेवायच्या कशा?

स्पॅनरवाले_नाना
रस्त्यावरचं मीठ गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, हलका तेलाचा फवारा. ओल्या पिशवीत गुंडाळून ठेवल्या तर पुढच्या हिवाळ्यात गंजलेला एकच गोळा निघतो. ठेवण्याआधी प्रत्येक आडवी कडी हातातून फिरवा. अर्धी झिजलेली दिसली तर ती बदला. शिडीच्या जादा पट्ट्या सुट्या मिळतात.

खडूस_काका
आणि निघायच्या दिवशी क्विकमॅप (कॅलट्रान्सचा रस्त्यांचा नकाशा) बघा. हायवे ५० बंद असेल तर चेनसकट घरी बसता येईल.

कोकणकडा
काका, पत्ते घेतलेत.